तीट प्रकरणातली माझी बाजू

चिनू, ओम, सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करते. त्या रोबोला मी हात लावला नव्हता. फक्त बोट लावलं होतं.

परवा मृणूताईनं फोनवर तुम्हाला ती हकिकत सांगितली आणि तुम्ही दोघं तिकडे खिदळत होतात, हे मला इकडे कोल्हापुरात ऐकू येत होतं. तिनं नेहमीप्रमाणे सोयीचे तेवढेच मुद्दे सांगितले आहेत. मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकाच बाजूची हकिकत पुढे जाऊ देणं मला मान्य नाही. तेव्हा ही दुसरी बाजू, क्रमवार.

मृणू तेव्हा नववीत होती. शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धेसाठी तिनं दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कब्जा केला होता. पहिले दोन नंबर पुण्याला मोठ्या स्पर्धेला जाणार होते, आणि तिला पुण्याला जायचंच होतं. माझी समजूत अशी, की रोबो म्हणजे हातपाय असलेला, निदान 'नमस्ते' म्हणणारा कुणीतरी असणार. प्रत्यक्षात निघालं काय? दोन चाकं, वायरींचा गुंता, आणि बूड म्हणून माझ्या तांदळाच्या डब्याचं झाकण! न विचारता! (तो डबा मी आजही ताटलीनं झाकते.)

"हे करतं काय?" मी विचारलं.

"पांढऱ्या फळीवर काळी रेघ असते ना आजी, तिच्यावरून चालतं."

"एवढंच? तेवढं तर आपल्या ओट्यावरची मुंगी करते!"

मृणूनं रोबो उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला.

स्पर्धेच्या दिवशी तुमचे काका-काकू दोघंही कामावर, म्हणून मी बरोबर गेले. स्पर्धा ज्या कॉलेजात होती, ते रिक्षावाल्याला माहीत नव्हतं. ते त्यानं आम्हाला आधी गावाबाहेरचं उचगाव दाखवून मग सांगितलं. आम्ही धापा टाकत दहाला पोहोचलो. पत्रिकेत उद्घाटन दहाला होतं. पाहुणे पावणेबाराला आले! मग त्यांना फेटा. मग परीक्षकांना फेटे. मग ज्यांनी फेटे आणले, त्यांनाही फेटे! विज्ञानयुगावर भाषण झालं तेव्हा माईक तीनदा बंद पडला. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात त्या संयोजकांना नापास करत होते.

सरावात मात्र मृणूचा रोबो त्या रेघेवरून असा गेला, की मला मुंगीबद्दलचे शब्द मागे घ्यावेसे वाटले. मग नाव नोंदवायला जाताना तिनं बजावलं, "आजी, याच्याकडे नुसतं बघ. हात लावू नकोस."

मी बघत बसले. शेजारी मुरगूडच्या सुशीलाबाई येऊन बसल्या. त्यांचा थोरला अमर स्पर्धेत होता आणि धाकटं सात महिन्यांचं बाळ मांडीवर. बाळाच्या गालावर रुपयाएवढी तीट! तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, दृष्ट लागू नये म्हणून लावतात तो काजळाचा ठिपका. बाईंनी रोबोकडे पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आगं बया! कसलं देखणं हाय हो तुमचं! पहिला नंबर ह्योच काढतोय बगा. माझी तर नजर हटंना!"

"आभारी आहे," मी म्हटलं.

"आवो, तीट लावा की त्येला! एवढी माणसं बघाय लागल्यात."

आता मला बोलणं भागच होतं. मी त्यांना अंधश्रद्धा या विषयावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. दृष्ट नावाची गोष्ट नसते, काजळात कोणतीही शक्ती नसते, आणि आपण विज्ञानाच्या स्पर्धेला आलो आहोत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "बाळाला वाईच धरा. अमरला दोन घास घालून आलोच." (इकडे बायकाही 'आलो'च म्हणतात.) आणि गेल्यासुद्धा!

उरलो आम्ही तिघं. मी, बाळ आणि रोबो. तेवढ्यात तीन मुलं येऊन समोर थांबली. एक म्हणाला, "हेच जिंकतंय लेका." दुसरा नुसता बघत राहिला. पापणी न लववता! मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तरी बघतोच आहे!

माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण मृणूचे दोन महिने त्या झाकणावर उभे होते, आणि बाळाच्या गालावर काजळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतं. थोडं कमी झाल्यानं बाळाचं काही बिघडणार नव्हतं. मी बोटावर जरासं घेतलं. आता लावायचं कुठं? वर लावलं तर दिसणार, आणि सुशीलाबाई मला जन्मभर ऐकवणार. मग आठवलं, की तान्ह्या बाळाला तळपायालाही तीट लावतात. मी रोबो अलगद कलता केला. खाली काचेचे दोन छोटे, चकचकीत मणी होते. शोभेचे असावेत. उजव्या मण्यावर मी मधोमध, गोल, सुबक तीट लावली. काम करायचं तर नीट करावं.

सुशीलाबाई येऊन बाळ घेऊन गेल्या आणि मृणूचं नाव पुकारलं. तिनं रोबो रेघेवर ठेवला, बटण दाबलं. रोबो उजवीकडे वळला. पुन्हा उजवीकडे वळला. मग तो जागच्या जागी गरगर फिरायला लागला!

"आरं, प्रदक्षिणा घालतंय की त्ये!" मागून कुणीतरी ओरडलं. "नृसिंहवाडीला सोडा त्येला!"

सभागृह हसून लोळायचं बाकी होतं. मृणू हसत नव्हती. ती बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरावात चाललेलं यंत्र एका तासात बिघडतं कसं? घातपात! ती तीन मुलं! तो पापणी न लववणारा!

"आजी, राहू दे ना," मृणू म्हणाली.

"अन्यायापुढे गप्प बसायचं नसतं!"

मी संयोजकांकडून कोरा कागद मागून घेतला आणि इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला. मुद्दे तीन. एक, यंत्राशी कुणीतरी छेडछाड केलेली आहे. दोन, त्याची तपासणी सर्वांसमक्ष व्हावी. तीन, ज्या संघाचा माणूस दोषी आढळेल, तो संघ कोणतीही सबब ऐकून न घेता तत्काळ बाद करावा. सही, तारीख, पत्ता.

परीक्षक एक तरुण प्राध्यापक होते. फेटा सांभाळत त्यांनी माझा अर्ज माईकवर मराठीत करून वाचला. (तेव्हा माईक अजिबात बंद पडला नाही, हे लक्षात घ्या.) मग त्यांनी रोबो उलटा केला, विजेरी लावली, आणि ते खालीच बघत राहिले.

"उजव्या सेन्सरवर काळं काहीतरी फासलंय," ते म्हणाले.

"पाहिलंत!" मी उभी राहून म्हटलं. "मी म्हटलं नव्हतं?"

"हे त्याचे डोळे असतात. एक झाकला गेल्यामुळे त्याला उजवीकडे सगळीकडे काळी रेघच दिसतेय. म्हणून बिचारा तिकडेच वळतोय." त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "तेलकट आहे. काजळ वाटतंय."

मी खाली बसले.

परीक्षकांनी हातातला अर्ज पुन्हा पाहिला. त्याच्या कोपऱ्यात, माझ्या सहीच्या शेजारी, काळंभोर, रेघान् रेघ दिसेल असं बोट उमटलेलं होतं. "आजी," ते हळूच म्हणाले, "हा अर्ज तुम्ही स्वतःच लिहिलात ना?"

त्याच क्षणी मागून सुशीलाबाईंचा आवाज आला, "आगं बया! माझ्या लेकराची अर्धी तीट कुणी नेली?"

सभागृहात जो हशा पिकला, तो मी लिहून ठेवण्याच्या लायकीचा समजत नाही. पण मी मृणूकडे पाहिलं. तिला तिसरा मुद्दा आठवला होता. मलाही. परीक्षकांनाही.

"तिसऱ्या मुद्द्याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

एकतीस वर्षांत मी एकाही मुलीची सबब ऐकली नव्हती. आता माझ्यापाशी सांगण्यासारखी सबबही नव्हती. मी दुसरा कागद मागितला. पहिला अर्ज मागे घेत आहे, असं लिहिलं. कारण: तक्रारदार आणि आरोपी एकच आहेत.

परीक्षक आपसांत कुजबुजायला लागले. बाद करावं की दुसरी संधी द्यावी, त्यांचं ठरेना. तेव्हा मुरगूडच्या सुशीलाबाई बाळासकट उभ्या राहिल्या.

"आवो, पळू दे की पोरीचं! म्हातारीनं माती खाल्ली, त्यात पोरीचा काय गुन्हा?"

(म्हातारी! मी तेव्हा अवघी सदुसष्ट वर्षांची होते!)

पण त्या 'म्हातारी' शब्दानं काम केलं. दुसरी संधी मिळाली. मृणूनं कापसानं तो मणी लख्ख पुसला, रोबो रेघेवर ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तू भिंतीकडे तोंड करून उभी राहा."

मी उभी राहिले. आयुष्यभर मुलींना तसं उभं करत आले होते. तिथून काय दिसतं, ते पहिल्यांदाच कळलं. काहीच दिसत नाही, सगळं ऐकू येतं. आधी शांतता, मग कुजबुज, मग टाळ्या. अमर पहिला आला, मृणू दुसरी. दोघंही पुण्याला!

पुण्याला मलाही नेलं, हे मृणूनं तुम्हाला सांगितलेलं नाही. मात्र एका अटीवर. स्पर्धा संपेपर्यंत मी सुशीलाबाईंचं बाळ दोन्ही हातांनी धरून बसायचं, एकही बोट मोकळं ठेवायचं नाही. मी तसं लिहून दिलं आणि शब्द पाळला. तरीही सुशीलाबाईंनी त्या दिवशी बाळाला तीट लावली नव्हती.