कांता उबाळेंचा ठिपका

कांता उबाळे कळव्याच्या डोंगरउतारावरच्या चाळींत बारा वर्षं आशाताई म्हणून फिरत होत्या. कोणाचा खोकला लांबला की थुंकीचा नमुना तपासायला द्यायचा, टीबी निघाला तर औषधं संपेपर्यंत त्या माणसाची पाठ सोडायची नाही, हे त्यांचं काम.

मार्चमधल्या बैठकीत वरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. प्रत्येक आशाताईचा एक ठिपका. आडव्या रेषेवर घरभेटी, उभ्या रेषेवर टीबीचे रुग्ण. ठिपके उजवीकडे चढत गेलेले, आणि सगळ्यांत वरचा कांताताईंचा.

"भेटी वाढल्या की रुग्ण वाढतायत. तुम्हीच घरोघर आजार नेताय," साहेब म्हणाले. "उद्यापासून भेटी निम्म्या. इथे सही करा."

सगळ्यांसमोर असं ऐकून कांताताईंची कानशिलं तापली. "उद्या सांगते," म्हणत त्या कागद घेऊन घरी आल्या.

त्यांची लेक मृणाल कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, याला सहसंबंध म्हणतात. दोन गोष्टी सोबत वाढतात, किंवा एक वाढली की दुसरी घटते. बस, एवढंच. कोणामुळे कोण वाढलं, ते नुसत्या ठिपक्यांवरून नाही कळत."

"मग मी शोधते म्हणून सापडतात, असंही असेल की!"

"असेल ना. आणि तुला मुळात दाटीच्याच चाळी दिल्यात, तेही आहेच."

दुसऱ्या दिवशी कांताताईंनी तो कागद सही न करताच साहेबांपुढे ठेवला. "सही नाही करणार. वरच्या गल्लीत कोणीच जात नाही, म्हणून तुमच्याकडे तिथे रुग्ण शून्य. तिथे तपासा. शून्य निघाले तर मी काम सोडते."

"कारवाई होईल, बाई."

"करा. पण आधी तपासा."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर क्षिप्रा त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतः त्या गल्लीतून चाळीस नमुने घेतले. पाच जणांना टीबी निघाला. त्यातले शिंपीकाम करणारे महिपत दिवाळीपासून खोकत होते.

आदेश मागे घेतला गेला. माफी कोणी मागितली नाही. कांताताईंना जिंकल्यासारखंही वाटलं नाही. महिपतांच्या खोलीत तीन लहान नातवंडं झोपत, तेच डोक्यात फिरत होतं.

पुढच्या बैठकीत साहेब काही बोलायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"वरची गल्ली माझ्या यादीत घाला."

"तुमचा आकडा अजून वर जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे," कांताताई म्हणाल्या, आणि यादी हातात पडेपर्यंत खाली बसल्या नाहीत.