बागेतला शांत माणूस

सावळीराम एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्यांची येवल्याची गाडी कधी रिकामी सुटली नाही. स्टँडवर शिरताच आधी त्यांचा आवाज कानावर यायचा. घरीही तेच. इंदिरानगरच्या दोन खोल्यांत ते बोलायला लागले की शेजारचे हसून दार लोटून घ्यायचे. "अहो, हळू की जरा," लंकाबाई म्हणायच्या, आणि ते मुद्दाम आणखी आवाज चढवायचे.

रिटायर झाल्यावर घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासापुरतं भोक राहिलं, त्यावर ते रुमाल बांधायचे. त्यांना ऐकू सगळं येत होतं, तरी भेटायला आलेले ओरडून बोलायचे, नाहीतर त्यांच्यासमोरच लंकाबाईंना विचारायचे, "आता जेवतात का हो?" हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. लग्नकार्य नको, विहारात वंदनेला नको. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

एका बागेचं सुनेनं, हर्षालीनं सांगितलं. "द्वारका चौकाच्या पुढे ध्यानाची बाग झालीय, आई. आत कुणी बोलायचंच नाही, नियम आहे. बाबांना घेऊन जा ना."

लंकाबाईंनी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. द्वारकेला रिक्षा अडकली. ट्रकचे हॉर्न, धूर, नुसती खेचाखेच. बागेच्या फाटकातून आत गेल्यावर मात्र बांबूची सळसळ तेवढी होती. झाडांखाली बाकांवर माणसं बसलेली, सगळी गप्प. सावळीरामांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी बाग बंद व्हायची वेळ झाली तरी ते उठेनात. परत येताना रिक्षावाल्यादेखत त्यांनी बायकोचा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात असं कधी केलं नव्हतं.

मग दोघं नेमानं जाऊ लागली. त्यांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ बसायचे. निघताना ते हात जोडायचे, सावळीरामही जोडायचे. सावळीराम डोळे मिटून बसले की लंकाबाईही मिटायच्या. असंच एकदा बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याचा जुना आवाज आठवून पाहिला. शब्द आठवले, आवाज आला नाही. मोबाइलवर कुणी कधी रेकॉर्ड करूनही ठेवला नव्हता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी दुखणं उलटलं, फुप्फुसात उतरलं. थंडीत सावळीराम गेले.

उन्हाळा लागला तेव्हा हर्षालीनं लंकाबाईंना स्कूटरवरून बागेपाशी आणून सोडलं. फाटकाबाहेरच ते गृहस्थ भेटले. "नमस्कार ताई, मी भिकन. बरेच दिवस झाले, साहेब दिसले नाहीत?"

"गेले ते."

भिकननी हात जोडले. मग म्हणाले, "फार शांत माणूस हो. शेजारी बसायचो, पण कधी तोंडातून शब्द नाही. मी घरी सांगायचो, मनावर ताबा असावा तर असा."

लंकाबाईंना एकदम राग आला. "शांत नव्हते ते! अख्खा स्टँड दणाणून सोडायचे. डॉक्टरांनी त्यांचा आवाजच काढून टाकला होता. नाहीतर बोलून बोलून तुम्हाला बसू दिलं नसतं त्यांनी इथं."

"मला कळलंच नाही," भिकन ओशाळून म्हणाले.

"त्यांना तेच हवं होतं," लंकाबाई म्हणाल्या. त्यांचा राग केव्हाच ओसरला होता.

"कसा होता हो आवाज?"

लंकाबाईंनी सांगायला तोंड उघडलं. मग नुसतीच मान हलवली. "आठवत नाही मला," त्या कशाबशा म्हणाल्या.

भिकननी फाटक उघडून धरलं. दोघं आत गेली, बाकाच्या दोन टोकांना बसली. लंकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि हुंदका बाहेर येऊ न देता रडून घेतलं. भिकन मान वळवून झाडांकडे बघत बसून राहिले.