एकदाच विचारणारं बेट

जर्मनीतल्या आमच्या छोट्या बेटावर घरं आहेत ती उन्हाळी पाहुण्यांसाठी, आणि आम्ही पाहुणे नव्हतो. मी किनाऱ्यावरच्या चिखलातल्या किड्यांवर संशोधन करते, नवरा घरी बसून दूर दक्षिणेतल्या ब्योब्लिंगेन गावच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो, मुलगी बेटावरच्या शाळेत जाते. घरमालकानं आमची जागा पर्यटकांना द्यायचं ठरवलं, तेव्हा हिवाळ्याआधी दुसरं छप्पर शोधा नाहीतर बेट सोडा, एवढंच उरलं. बेट सोडायचा विषय निघाला की मुलगी पानावरून उठायची. मलाही जायचं नव्हतं. किड्यांचं कोणी विचारत नव्हतं.

अशात एके दिवशी ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे बेटाचे प्रमुख, सायकलवरून आले. फाटकाबाहेरूनच "मॉइन" असा इथला नमस्कार करून म्हणाले, "शाळेमागचं पंचायतीचं घर रिकामं होतंय. तुम्हाला हवंय का?"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या आणि तोंडातून निघालं, "छे छे, आम्हाला कशाला? तुमच्यातल्याच कुणाला लागेल की."

पुण्यात याचा अर्थ हो असा होतो. समोरचा म्हणतो, असं कसं? आपण आढेवेढे घेतो, तो रागावतो, मग आपण त्याच्यावर उपकार केल्यासारखं घेतो. ब्युर्गरमाइस्टर म्हणाले, "गूट," म्हणजे ठीक, आणि सायकल वळवून गेले.

"येतील गं परत," नवरा म्हणाला. "एवढ्यावर कोण सोडतं?"

मी रोज फाटकाशी काहीतरी काम काढून उभी राहू लागले. शेवटी फाटकाला रंगही दिला. घरमालक खूश झाला.

"आबर डू हास्ट नाईन गेझाग्ट," मुलगी म्हणाली. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. तू तर नाही म्हणालीस, हे कुठल्याही भाषेत लागायचं तेवढं लागलं.

त्या रविवारी दुपारी बेटाच्या संग्रहालयात चहा होता. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि ते सांभाळणाऱ्या आजी. त्या दर वर्षी सगळ्यांना बेटाचा इतिहास सांगतात. एकदा समुद्र घरांत शिरला, तेव्हा लोक माळ्यावर गेले. समुद्र परत गेल्यावर खाली आले. एका हिवाळ्यात फेरीबोट बर्फात अडकली, तेव्हा लोकांनी बटाटे खाल्ले. आणि एकदा सरकारी माणूस आला. पलीकडच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत रस्ता बांधून देऊ का, म्हणाला. बेटानं नको म्हणून सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग तो गेला."

"पुन्हा नाही विचारलं?"

"कशाला विचारेल? आम्ही सांगितलं होतं ना." आजींनी कप खाली ठेवला. "नंतर बऱ्याच जणांना वाटलं, रस्ता हवा होता. पण सांगायला कोण जाणार?"

बाकीचे शांतपणे केक खात होते. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची, आणि लोकांकडे लाडू पुढे आला की नको म्हणायलाही तीच शिकवायची. मी उठले आणि थेट ब्युर्गरमाइस्टरांच्या घरी गेले. ते अंगणात बसून जाळ्याचा गुंता सोडवत होते.

"मला ते घर हवंय," मी म्हणाले.

"तुम्ही नको म्हणालात."

"आमच्याकडे आधी नको म्हणायचं असतं."

"का?"

"हावरट दिसू नये म्हणून."

त्यांनी यावर बराच विचार केला. परवाच्या बैठकीत ते घर बोटीवरच्या मेकॅनिकला द्यायचं ठरणार होतं, असं म्हणाले. त्याला तशी घाई नव्हती.

"किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

"आल्झो. बरं तर." ते उठले, हात पुसले, टोपी काढली. "तुम्हाला शाळेमागचं घर हवंय का?"

रीतीप्रमाणे ही दुसरी वेळ. अजून एक नकार द्यायला हवा होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस तिसऱ्यांदा विचारेल, याची मला मुळीच खात्री वाटेना.

"हो," मी म्हणाले, आणि तिथेच अंगणात मला रडू फुटलं.