वासाला जागा

"वासाला जागा ठेवा." हे आमच्या मॅडमचं पालुपद. निघोज्याच्या आमच्या कारखान्यात वाइनचे ग्लास बनायचे. नव्या आकाराचा ग्लास मॅडमनी हुंगून पास केल्याशिवाय माल काढायला सुरुवात होत नसे.

पहिल्याच दिवशी मी त्यांना ग्लास काठोकाठ भरून दिला. आमच्या गावात पाहुण्याला अर्धा ग्लास दिला, तर तो पुन्हा पायरी चढायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, पाहुणचार नाही करायचा. थोडीच ओता, वासाला जागा ठेवा." मग एकच वाइन त्यांनी मला दोन ग्लासांत दिली. सरळ उभ्या ग्लासात नुसता आंबटपणा लागला. फुगीर पोटाच्या आणि आवळलेल्या तोंडाच्या ग्लासात नाक घातलं, तर पिकलेलं जांभूळ.

"ही तीच वाइन हाय का?"

"तीच. इथे वास उडून जात नाही, एवढंच."

पुढे त्यांना ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? गपचूप सह्या केल्या असत्या. ह्या बाईंनी कामावर आल्या आल्या साहेबांना सांगितलं, "मला वास येत नाही. येईपर्यंत एकही ग्लास पास करणार नाही."

साहेबांनी स्वतः आखलेला पसरट तोंडाचा ग्लास नेमका तेव्हाच खोळंबला होता. ते वैतागले. "मग तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल."

"बघा. तोवर मी रोज येणार."

दुसरी माणसं आली, पण त्यांच्या नाकावर साहेबांचाच भरवसा बसेना. मॅडम जेवणाच्या सुट्टीत आवळलेल्या तोंडाच्या ग्लासात लवंग, लिंबाची साल, कॉफी घालून हुंगत बसायच्या. महिने गेले. लोक चेष्टा करायचे. मला बघवत नसे.

"मॅडम, सोडा आता नाद," मी म्हणालो.

"तुम्ही लवंगा संपल्यात त्या आणा."

आणल्या, काय करता!

त्या निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या, त्यालाही आता काळ लोटला. पण एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हुंगता हुंगता त्या थांबल्या. "ही लवंग आहे ना?" त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही. मग त्यांनी वाइन मागवली आणि साहेबांच्या ग्लासात थोडी ओतून बराच वेळ हुंगली. बातमी ऐकून साहेब धावत आले.

"वास आला म्हणे! चला, करा सही."

मॅडमनी पदरानं डोळे पुसले.

"आला ना. तुमचा ग्लास नापास."