मोरचुदानं नितळ झालेलं पाणी

निर्मला मॅडमची आणि माझी ओळख माझ्या ओरडण्यानं झाली. शिरूर तालुक्यातल्या आमच्या तलावात एक बाई गुडघाभर हिरव्या साईत उभ्या होत्या. मला वाटलं, पाय घसरला. "बाई, मागं सरा!" मी ओरडलो.

"पडले नाही, आबा. तपासायला पाणी नेतेय." त्या दौंडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत.

मग दर उन्हाळ्यात त्या एसटीनं येत. उसाचं खत आणि गावची गटारं तलावात उतरतात, त्यावर शेवाळ माजतं. त्यातलं काही शेवाळ विष तयार करतं, ते मासे, पाखरं, जनावरं सगळ्यांना बाधतं. चौथी शिकलेला मी मेंढपाळ तेच तेच विचारी, त्या न कंटाळता सांगत.

एका वर्षी गावानं तलावात मोरचूद टाकलं. शेवाळ मेलं, पाणी नितळ झालं. लोक खूश. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. "शेवाळ मेलं की आतलं विष पाण्यात सुटतं, आबा. मेंढ्यांना पाजू नका."

मेंढ्या तहानेनं धापा टाकत होत्या. माझं सगळं घर त्या कळपावर. मी चिडलो. "इख हाय का न्हाई, खात्रीनं सांगा!"

"खात्री नाही. तपासणी व्हायचीय. म्हणूनच नको म्हणते."

भाचा सोपान हसला. "मामा, म्याडमला म्हणावं, मेंढरांस्नी बाटलीतलं पाणी पाजा!" आणि त्यानं आपला कळप तलावावर नेला.

मॅडमनी पदर खोचला आणि माझ्याबरोबर विहिरीचं पाणी शेंदू लागल्या. हाताला फोड आले तरी दोर सोडला नाही. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सोपानच्या मेंढ्या लटपटू लागल्या. काही मेल्या. काठाला मेलेले मासे लागले. मॅडम टोचून एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी जनावरांचे डॉक्टर बोलावले, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून मेलेल्या मेंढ्या खोल पुरायला लावल्या.

"म्याडम, पाणी तर काचंवानी व्हतं वो!" सोपान रडत म्हणाला.

"मोरचुदाचं ठाऊक नसतं, तर मीही फसले असते," त्या म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसून राहिल्या.

माझा कळप वाचला.

आता मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्या निवृत्तही होत आहेत. तलाव यंदाही हिरवा झाला आहे. मॅडमना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. त्या नसल्या, तर हे पाणी पाजू का नको, हे मी कुणाला विचारू?