आजीच्या कामाबद्दल एक वाक्य

आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मोठेबाबांनी मला बोलावलं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. आमच्यात भन्तेजींचं सुत्तपठण झालं की गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतात, आणि मग ज्याला वाटेल तो उठून दोन शब्द बोलतो.

"परिचय तू लिही," ते म्हणाले. "घरात कॉलेजात जाऊन राहिली ती तूच एक. एक पान पुरे. मराठीतच लिही, गोंदियाकडचे लोक येतील."

मी हो म्हटलं. पण माझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी; मराठी फक्त घरात कानावर पडलेली. शिवाय काय लिहायचं तेही कळेना. कॉलेजात आम्हाला ज्यांची चरित्रं शिकवतात त्यांना जन्मसाल असतं, पदं असतात. आजीचं जन्मसाल कोणालाच माहीत नव्हतं. आत्या सिहोऱ्याहून आली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "लग्नात मायले साडी नेसता येत नव्हती, दुसऱ्यांनी नेसवली. एवढंच माहीत आहे. लिही जमलं तर."

तेही मी लिहिलं. मग लिहिलं की आजी गोंदियाकडच्या एका खेड्यातून जबलपूरला आली. आजोबा गोहलपुरात एका लाकडाच्या कारखान्यात कामाला होते. माझे वडील रांगत होते तेव्हा आजोबा वारले. आजीने तीन मुलं एकटीने वाढवली. आणि त्यापुढे लिहिलं: "ती बिड्या वळायची."

हे वाक्य लिहायला मला वेळ लागला नाही, कारण ते मी रोज पाहिलं होतं. तेंदूची पानं भिजवून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी दारात बसायची. पत्र्याचा लहान चौकोन पानावर ठेवून कात्रीने पान कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानात चिमूट टाकायची, वळायची, टोक नखाने मुडपायची, दोरा गुंडाळायची. हातांकडे बघायची नाही. त्या वेळात ती आईला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगायची, मला पाढे म्हणायला लावायची, गल्लीतल्या कुत्र्याला हाकलायची. हात थांबायचे नाहीत. नजर अधू झाली, कंबर वाकली, तरी ती वळतच राहिली.

बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घ्यायचं नाही. दुकानदार म्हणायचा, "अम्मा, दूसरी उँगली लगाओ." ती एकेक करत दहाही बोटं लावायची आणि म्हणायची, "सब एक ही माँ के बच्चे हैं भैया, कोई नहीं सुनता." सगळी रांग हसायची.

शनिवारी मी मोठेबाबांना पान दाखवलं. त्यांना सरकारी नोकरी आहे. शिपाई म्हणून लागले, आता बाबू आहेत. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे काहून लिहिलं?"

"ती वळायची ना, मोठेबाबा."

"वळायची. मले माहीत नाही का? पण उद्या ऑफिसचे लोक येऊन राहिले. पोराची सोयरीक चालू आहे, मुलीकडचे येतील. गृहिणी लिही. ते काही खोटं नाही."

आत्या लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "माय गृहिणी कधी झाली होती रे? मलेही बोलवायचं होतं पाहायले."

"तू मधात नको बोलू."

"मी कुठं बोलून राहिली? मी लसूण सोलून राहिली."

मोठेबाबा माझ्याकडे वळले. "बघ बाई. तू शिकलेली आहेस, तुले समजते." आणि निघून गेले.

मी पान घेऊन आत गेले. आत्याला वाटलं, मी घाबरले. खरं म्हणजे तोच शब्द मी त्यांच्याआधी लिहिला होता.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी घरातलं मोठं माणूस सोबत हवं होतं. वडील ऑटो चालवतात, त्यांची शाळेच्या मुलांची फेरी होती, म्हणून आजी आली. पेटीतली इस्त्रीची साडी नेसून आली होती. पालक म्हणून अर्जावर तिचाच अंगठा लागणार होता. 'पालकाचा व्यवसाय' हा रकाना आला तेव्हा माझ्या मागे एक मुलगी उभी होती आणि तिचे वडील फोनवर इंग्रजीत बोलत होते. मी 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेले.

अंगठा लावण्याआधी आजीने अर्ज हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, लोकांसमोर वाचल्यासारखं करते आहे. तिने विचारलं, "माह्या कामाचं काय लिवलं व?"

"तुझं काम लिहिलं, आजी."

तिने अंगठा लावला. मग म्हणाली, "चल, सदर बाजारामधी काही खाऊ." तिथे तिने मला खव्याची जिलबी घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाही, दात नाहीत म्हणाली. घरी परतताना ती पदर डोळ्यांवर ओढून बसली. उन्हामुळे असेल असं मला वाटलं.

शनिवारी दिवसभर ते पान माझ्याजवळ होतं. 'गृहिणी' लिहिलं असतं तर मोठेबाबा खूश झाले असते, आणि कोणी मला दोष दिला नसता. पण मग मी तेच दुसऱ्यांदा केलं असतं, आणि या वेळी तिला विचारायलाही येता आलं नसतं. मी वाक्य तसंच ठेवलं. खाली आणखी चार ओळी लिहिल्या, त्या अर्जाबद्दल. सगळ्यांसमोर वाचीन असं ठरवलं.

रविवारी घरासमोर मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं, सुत्तपठण झालं, आणि मला उभं केलं. मी कागद दोन्ही हातांनी धरला. साडीचं वाचलं तेव्हा गोंदियाकडच्या म्हाताऱ्या हसल्या. मग ते वाक्य आलं. मी मोठेबाबांकडे पाहिलं. ते सतरंजीकडे पाहत होते. मी वाचलं, "ती बिड्या वळायची. आमचं घर त्यावर उभं राहिलं."

खालच्या चार ओळी माझ्यासमोर होत्या. मी कागद दुमडला. मी "नमो बुद्धाय" म्हणून खाली बसले.

मागे दाराजवळ शेजारच्या मुस्लिम मावशी, आमच्या खाला, उठल्या. "अम्मा ने मुझे सिखाया था," त्या म्हणाल्या. "ब्याह के आई तो मुझे पत्ता काटना नहीं आता था. पहले दिन ठेकेदार के आदमी ने मेरी आधी बीड़ी फेंक दी. अम्मा ने अपनी टोकरी में से मेरी भर दी. और उस आदमी को जो गालियाँ दीं, वो भी मैंने उन्हीं से सीखीं." भन्तेजीसुद्धा हसले. मग खालांनी ओढणी तोंडावर घेतली आणि त्या खाली बसल्या.

मोठेबाबा माझ्याशी बोलले नाहीत. पण जेवणाच्या वेळी त्यांनी खालांना आणि गल्लीतल्या बिडीवाल्या बायांना पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. बिड्या वळणारी कोण असं मुलीकडच्यांनी विचारलं असावं, कारण मोठेबाबा एकदा मोठ्याने म्हणाले, "हो, माझी मायच."

आत्या मला मागच्या पायरीवर शोधत आली. "कागदावर अजून काही होतं. तू वाचलं नाही."

मी कागद तिच्या हातात दिला. आत्या तिसरीपर्यंत शिकली, मग आजीशेजारी बसून वळायला लागली. ती अक्षराखाली बोट फिरवत वाचते. पुष्कळ वेळ लागला.

"हे मले माहीत आहे," ती म्हणाली. "मायनं त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं."

"तिला कसं कळलं? तिला तर वाचता येत नव्हतं."

"नव्हतं. पण बिडी हा शब्द तिले ओळखू यायचा. तिच्या कामाच्या कार्डावर वरच मोठ्या अक्षरात तो आहे. दवाखान्यात कार्ड दाखवताना उलटं धरलं जाऊ नये म्हणून ती तो शब्द पाहून घ्यायची. तुह्या अर्जावर तिनं तोच शोधला. सापडला नाही."

"मग मला रागावली का नाही?"

"म्यां म्हटलं, विचार तिले. तर म्हणाली, राहू दे. तिले त्या कॉलेजात रोज जाऊन बसायचं आहे, मले नाही."

आत्याने कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि ताटं उचलायला आत गेली. मी पायरीवरच बसून राहिले. आतून मोठेबाबांचा आवाज येत होता, कोण कोण जेवायचं राहिलं म्हणून विचारत होते.