आईशिवाय कळमेश्वर

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी कळमेश्वरला जाऊन आले आणि लिहायला बसले आहे. हसू येत असेल तर हसून घ्या. मी चौतीस वर्षांची, ऑटिस्टिक, आणि प्रताप नगरातल्या घरातून आईशिवाय पहिल्यांदाच गावाबाहेर निघाले होते. कळमेश्वरच्या पालकांच्या मेळाव्यात ऑटिझमवर बोलायचं होतं. आजवर अशा ठिकाणी आई बोलायची. मी शेजारी बसून शाल घ्यायची आणि फोटोत यायची. या वेळी मी तिला म्हटलं, "तू घरी राहा." ती राहिली, पण तोंड एवढंसं करून.

बसमध्ये खिडकीची जागा मी मनात पक्की केली होती. तिथे एक पोतं बसलं होतं. ठरलेलं मोडलं की मला काही सुचत नाही. मी नुसती उभी. पोत्याच्या मालकीणबाईंनी ते पायाशी ओढलं आणि मला बसवलं. माझ्या कानांवरचे हेडफोन बघून म्हणाल्या, "कोणतं गाणं ऐकून राहिली वं?"

"कुठलंच नाही. हॉर्न कमी ऐकू यावेत म्हणून लावलेत."

त्यांनी जरा विचार केला. "मले भेटन का असं? घरी लय बोलते सारे."

काटोल रस्त्याने शहर मागे पडलं. कपाशी, मधूनच संत्र्याची बाग, मग कारखान्यांचे पत्रे. कळमेश्वरला उतरल्यावर एका टपरीवर पोहे मागितले, तर्री (वरून ओतायचा झणझणीत रस्सा) नको म्हटलं.

"तर्री काहून नको?" टपरीवाल्या काकू चकित. "पुण्याच्या का तुम्ही?"

"प्रताप नगरची. ओलं आणि कोरडं एकत्र मला खाववत नाही." माझं बोलणं लहानपणापासून पुस्तकी, त्यामुळे हा पुण्याचा आळ नेहमीचाच.

सभागृहात संयोजक सर भेटले, निवृत्त मुख्याध्यापक. ते माझ्या मागे कुणाला तरी शोधत होते.

"आई नाही आल्या?"

"नाही. मी बोलणार आहे."

"पण पत्रिकेत मातोश्रींचं मनोगत छापलं हाये ना. असं करू, तुम्ही सत्कार घ्या, बोलून मी घेतो."

मला राग आला, चांगलाच. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे लाल पेन कायम पर्समध्ये असतं. सरांच्या हातातल्या पत्रिकेवर मी मातोश्रींना खोडलं आणि माझं नाव लिहिलं.

तरी सत्काराची शाल आलीच. लोकरीची, टोचरी. ती खांद्यावर पडली की माझे शब्द आतच अडकतात, आणि मग लोक म्हणतात, बघा, हिला बोलता येत नाही. दरवेळी हेच होत आलं होतं. मी दोन पावलं मागे सरले. आपल्याकडे शाल नाकारायची म्हणजे केवढा अपमान!

"शाल टोचते," मी म्हटलं. "नुसता नारळ द्या."

सरांनी नारळ दिला. छान जड आणि खडबडीत होता. तो दोन्ही हातांत फिरवत मी बोलत गेले. झगमगते दिवे, गोंगाट, ताटात वरण भाजीला लागलं की उडणारी भूक. आणि मुख्य म्हणजे, आमच्यासमोर आमच्याबद्दल बोलू नका. आम्हाला विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

जवळच्या गावचे एक शेतकरी उठले. शेजारी त्यांची पंचविशीतली मुलगी बसली होती, मंदा. "माह्या पोरीले काय आवडते, हे तं मलेच समजत नाही."

"तिलाच विचारा."

"मंदे, तुले काय आवडते वं?" त्यांनी विचारलं, आणि सवयीने उत्तर द्यायला स्वतःच तोंड उघडलं. मग मिटलं. आम्ही सगळे थांबलो. बराच वेळ गेला.

"विहिरीवरची मोटर," मंदा म्हणाली. "चालू झाली का बरं वाटते."

बाप मटकन खाली बसला. "अन् मी रोज हिले घरी ठेवून मोटर चालू कराले जातो!" मग तिच्याकडे वळून म्हणाला, "उद्यापासून तूच कर वं चालू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कानांवर हात ठेवले आणि पोटभर हसले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

परतीच्या बसमध्ये वाटलं, आईने इतकी वर्षं माझ्याबद्दल जे सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते तिचं सांगणं होतं. माझं आजच्या आधी कुणी ऐकलंच नव्हतं, तिनेही नाही.

दार उघडताच तिने प्रश्नांची फैर झाडली. "सांगते," मी म्हटलं, "पण मधे बोलू नकोस." आणि पोत्यापासून सुरुवात केली. गॅसवर दूध उतू गेलं, तरी आई जागची उठली नाही.